वांग, क्षार आणि आम्ल

कारंजा तालुक्यातल्या आमच्या कामरगावात कापूस वेचायला निघालेल्या चार बाया पाहा. एकीच्या तरी गालावर वांग दिसतील. बाळंतपणात उमटलेले, उन्हानं गडद झालेले. ते घालवण्याची धडपड फार जुनी आहे.

सुश्रुतसंहितेत वांगाला ‘व्यंग’ म्हटले आहे. डाग पातळ, काळसर, न दुखणारा. आणि कारणे सांगितली आहेत राग व श्रम. श्रम हा शब्द वाचला की मला वेचणीच्या बायाच आठवतात. असो. याच ग्रंथात क्षाराचा एक अध्याय आहे. वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचे, की झाला क्षार. तो ज्या विकारांवर वरून लावावा त्या यादीत व्यंगही आहे. पण ठेवावा किती वेळ? तोंडानं शंभर म्हणेपर्यंत, बस्स! मग आंबट द्रव्यानं तो शमवायचा. गर्भिणी, बालके, वृद्ध यांना लावू नये, हेही बजावले आहे.

क्षार वैद्याकडचा; घरात मात्र आंबटच चाले. आजी डाळीचे पीठ दह्यात कालवून तोंडाला लावी. दह्यातले हे आम्ल, लॅक्टिक आम्ल, स्वीडनच्या शेले यांनी १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळे काढले. पुढे १८८२ मध्ये हॅम्बुर्गच्या उन्ना या त्वचावैद्याने सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल वगैरेंचा कातडीवर होणारा परिणाम लिहून ठेवला. आणि १९७४ साली अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू यांनी कातडीवर खवले धरणाऱ्या रोगासाठी फळांतली, दुधातली आम्ले वापरून पाहिली. उसात सापडणारे ग्लायकोलिक आम्ल त्याच वाटेने दवाखान्यात आले.

आम्ल करते काय? वरच्या मेलेल्या पेशी एकमेकींना धरून असतात, ती पकड सैल करते. रंग साठलेला थर निघून जातो. मात्र आपली कातडी सावळी. ती भाजली की रंग जास्तच तयार होतो. ज्याच्या अंगावर बिबा उतला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून डॉक्टर घड्याळ लावून काही मिनिटेच आम्ल ठेवतात आणि ग्लायकोलिक असेल तर सोड्याच्या पाण्याने शमवतात. गंमत पाहा, सुश्रुताच्या क्षाराला आंबट, आणि आजच्या आंबटाला क्षार!

बाजारातल्या बिननावाच्या मलमांची गोष्ट निराळीच. आपला वाशिम जिल्हा १९९८ पर्यंत ज्याचा भाग होता, त्या अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींचे मूत्रपिंड उजळपणाच्या क्रीममुळे बिघडले. ही बातमी २०२३ सालची. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयापर्यंत प्रकरण गेले. क्रीममध्ये पारा निघाला. कायद्याने त्यात दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक पारा चालत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने लग्न ठरल्यावर अशीच आम्लाची बाटली आणली होती. कुठल्या दुकानातून, ते राहू द्या. रात्री लावली आणि तशीच झोपली. महिनाभर ओढणीने तोंड झाकून ती शेवटच्या बाकावर बसे. त्वचेच्या डॉक्टरांनी सहा महिने आम्लाचं नाव काढू दिलं नाही. ऊन टाळणे आणि उन्हापासून जपणारे मलम, एवढंच. लग्नाचा फोटो तिने मला दाखवला. गालावरचा डाग त्यात फिकट दिसतो, पण दिसतो. तिच्या सासूच्या गालावरही तसेच वांग आहेत.