बंदिवान राजाची सही



सोलापुराहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यानें मंद्रूप मागें टाकलें कीं पुढें भीमा नदी लागते. आज ती सहज ओलांडतां येते. परंतु १८१९ च्या तहांत नीरा आणि भीमा या नद्या एका राज्याची उत्तर सीमा म्हणून नेमल्या गेल्या होत्या. तें राज्य सातारच्या छत्रपति प्रतापसिंह महाराजांचें. ज्यांनीं त्यांस गादीवर बसविलें, त्यांनींच एकवीस वर्षांनीं खालीं उतरविलें. त्या प्रसंगीं महाराज कसे वागले, हें आज आपणांस सांगावयाचें आहे. तत्पूर्वीं अशाच एका दूरच्या राजाची आठवण करूं.

८ नोव्हेंबर १५१९ रोजीं कोर्तेस हा स्पॅनिश सरदार मेक्सिकोंतील सरोवरांत वसलेल्या तेनोच्तित्लान नगरींत शिरला. आझ्टेकांचा राजा मोक्तेझुमा यानें त्याला पाहुणा म्हणून आपल्या पित्याच्या वाड्यांत उतरविलें. थोड्याच दिवसांत पाहुण्यानें यजमानाला तेथेंच कैद केलें. हुकूम राजाच्या नांवानें सुटत, पण इच्छा परक्याची असे. १५२० च्या जूनअखेर मोक्तेझुमा मरण पावला. प्रजेनें दगड मारले म्हणून, असें स्पॅनिश लेखक सांगतात. स्पॅनिशांनींच त्याला मारलें, असें तद्देशीयांच्या कथनांत आढळतें. पुढें क्वाउतेमोक या तरुण राजानें राजधानी लढविली. तो १३ ऑगस्ट १५२१ रोजीं पकडला गेला आणि १५२५ सालीं त्याला फांशीं देण्यांत आलें.

राजा हातीं असला म्हणजे त्याच्या नांवाचा उपयोग करतां येतो, हें आपल्याकडेही ठाऊक होतें. प्रतापसिंह १८०८ सालीं गादीवर आले, परंतु सत्ता पेशव्यांची होती. १८१७ सालीं इंग्रजांशीं युद्ध जुंपतांच बाजीरावानें महाराजांस आपल्या लष्कराबरोबर ठेविलें. २० फेब्रुवारी १८१८ रोजीं सध्यांच्या मोहोळ तालुक्यांतील आष्टी येथें लढाई झाली. बापू गोखले धारातीर्थीं पडले आणि छत्रपति इंग्रजांच्या हातीं आले. मे महिन्यांत सोलापूरचा किल्लाही पडला. तत्पूर्वीं एप्रिलमध्येंच एल्फिन्स्टननें महाराजांस सातारा येथें गादीवर बसविलें होतें. मराठे सरदारांचीं मनें पेशव्यापासून वळावीं, हा त्यांतील हेतु उघड होता.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें राज्य मिळालें, पण रेसिडेंटाच्या मध्यस्थीवांचून बाहेरच्या कोणाशींही पत्रव्यवहार करण्याची मुभा राहिली नाहीं. पहिला रेसिडेंट ग्रँट डफ. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. १८२२ सालीं कारभाराचे अधिकार महाराजांकडे आले. त्यांनीं तो दक्षतेनें केला. महाबळेश्वरचा रस्ता बांधला, रोजनिशी ठेविली. पुढें जहागीरदारांवरील हक्कावरून मुंबई सरकारशीं वाद पडला. त्यानंतर आरोप आले: गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान बांधलें आणि कंपनीचे शिपाई फितविले.

१८३९ सालीं गव्हर्नर कार्नॅक स्वतः सातारा येथें आला. आपण तह मोडला हें महाराजांनीं लेखी मान्य करावें, म्हणजे गादी राहील, असें त्याचें म्हणणें होतें. एका सहीचा प्रश्न होता. महाराजांनीं ती केली नाहीं. सप्टेंबरमध्यें त्यांस पदच्युत करून बंधु आप्पासाहेबांस गादी दिली, व महाराजांस काशीस पाठविलें. तेथेंच १८४७ सालीं त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्यें वर्षानुवर्षें न्याय मागत राहिले. तो मिळाला नाहीं. १८४८ सालीं आप्पासाहेब वारले, आणि त्यांचें दत्तविधान नामंजूर करून डलहौसीनें राज्य खालसा केलें.

सही केली असती तर राज्य टिकलें असतें काय? आज्ञेंत राहिलेल्या आप्पासाहेबांमागें तें टिकलें नाहीं, हेंच त्याचें उत्तर. प्रतापसिंहांचें राज्य इंग्रजांनीं दिलेलें होतें. तें परत घेण्याचें सामर्थ्यही त्यांच्यापाशींच होतें. मोक्तेझुमाच्या मरणाची खरी हकीकत कोणती, याचा निवाडा पांचशें वर्षांहून अधिक काळ लोटला तरी झालेला नाहीं, कारण त्याचा स्वतःचा शब्द मागें उरला नाहीं. प्रतापसिंहांचा नकार मात्र दप्तरीं राहिला. आरोप करणाऱ्यांच्या कागदांतच आरोपीचें हें उत्तर आपणांस आजही सांपडतें.