अडीच टन आणि पस्तिसावा हिस्सा

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सैन्याचा जीएमसी ट्रक 'अडीच टनी' म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याने नोकरीभर अडीच टनांपेक्षा कितीतरी जास्त ओझं वाहिलं. त्याला 'सिक्स बाय सिक्स' म्हणतात, आणि मागच्या जोडचाकांमुळे त्याला टायर लागतात दहा. त्याचं प्लास्टिकचं मॉडेल जगभर 1/35 प्रमाणात मिळतं, आणि तो पस्तीस कुठल्याही मोजपट्टीवरून आलेला नाही. एकाच वाहनाच्या वाट्याला असे तीन तिरपागडे आकडे आले. त्याचे आजचे भक्त मात्र अचूकपणाच्या बाबतीत कमालीचे सोवळे. नटाच्या आकारावरून अबोला धरणारी ही माणसं कुठल्या आकड्यांवर श्रद्धा ठेवून बसली आहेत, हे पाहायला म्हणून ही कुळकथा.

आधी अडीच. युद्धापूर्वी अमेरिकन सैन्याच्या ताफ्यात अनेक कंपन्यांचे, अनेक नमुन्यांचे ट्रक होते आणि एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालेल याची खात्री नव्हती. 1939-40 च्या सुमारास सैन्याने वाहनांचे वजनी वर्ग ठरवून टाकले: अर्धा, दीड, अडीच, चार आणि साडेसात टन. हा टन अमेरिकन, म्हणजे 907 किलोचा. तेव्हा अडीच टन म्हणजे जेमतेम 2,268 किलो. शिवाय हा भार चिखल, खडक, ओढ्यानाल्यांसाठी धरलेला. पक्क्या रस्त्यावर त्याच गाडीवर दुप्पट माल चढायचा. सरकारी कागदावरचा आकडा गाडीची कुवत सांगत नव्हता, वाईटात वाईट रस्त्यावर काय जमेल ते सांगत होता. 'सिक्स'चा हिशेबही असाच कारकुनी आहे: तीन धुरा, प्रत्येकीची दोन टोकं, आणि सहाही टोकांना इंजिनाची ओढ. एका टोकाला दोन टायर लावले तरी मोजायचं एकच.

ट्रकचं अधिकृत नाव 'सीसीकेडब्ल्यू'. ते उच्चारताना जीभ अडखळते, पण त्यातलं एकही अक्षर फुकटचं नाही. पहिला सी म्हणजे 1941 सालची रचना, दुसरा सी म्हणजे इंजिनामागे बसवलेली नेहमीची केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही ओढ, आणि डब्ल्यू म्हणजे मागच्या दोन्ही धुरांना. तो बांधला मिशिगनमधल्या पाँटियॅकच्या 'यलो ट्रक अँड कोच' या कारखान्याने. नावातला पिवळा रंग आला शिकागोच्या टॅक्सींवरून. ही कंपनी मुळात जॉन हर्ट्झ यांच्या पिवळ्या टॅक्सींच्या कारखान्यातून निघालेली. भाड्याच्या मोटारींवर आजही दिसणारं हर्ट्झ नाव याच गृहस्थांचं. 1925 मध्ये जनरल मोटर्सने ती ताब्यात घेतली आणि टॅक्सी-बसच्या या घराण्यातून युद्धाचा हमाल जन्माला आला. शेवरलेच्या सेंट लुइसच्या कारखान्यातही तो तयार होत होता. या कुटुंबातली साडेपाच लाखांहून अधिक वाहनं बाहेर पडली.

यंत्र म्हणून त्यात चमकदार काही नाही, आणि मला वाटतं तेच त्याचं मोठेपण. 270 घनइंचांचं, म्हणजे साधारण 4.4 लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. सहा व्होल्टची वीज. ताशी 45 मैल हा कमाल वेग. गिअर बदलताना डबल क्लच मारावा लागतो. नाहीतर गिअरबॉक्स सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलते. पोलादाची चणचण भासू लागली तसा ट्रकने एकेक दागिना उतरवला. पोलादी हौदा जाऊन लाकडी आला, पुढे लाकूड-पोलादाचा मिश्र आला. बंद केबिनच्या जागी कापडी छताची उघडी केबिन आली. टप उतरवला की जहाजात गाडीला जागाही कमी लागायची. धुराही एका बनावटीच्या पुरेनात, म्हणून दोन वेगळ्या बनावटींच्या वापरल्या गेल्या. तेव्हाची ही तडजोड आजच्या हौशी मंडळींच्या वादांना आयुष्यभर पुरणारी शिदोरी ठरली.

त्याचा सर्वांत गाजलेला काळ तीन महिन्यांचाही नाही. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्यानंतर सैन्य इतक्या झपाट्याने पुढे सरकलं की पेट्रोल आणि दारूगोळा मागे राहिला. फ्रान्समधले रेल्वेमार्ग तर बाँबफेकीत आधीच मोडले होते. 25 ऑगस्ट 1944 पासून 16 नोव्हेंबरपर्यंत 'रेड बॉल एक्स्प्रेस' नावाने ट्रकांची अखंड रांग धावली. जाण्याचा रस्ता वेगळा, परतीचा वेगळा, आणि इतर वाहनांना मज्जाव. ऐन भरात जवळजवळ सहा हजार वाहनं दिवसाला सुमारे साडेबारा हजार टन माल पोचवत होती. चालकांपैकी तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. त्यांच्याच सैन्यात त्यांची पथकं गोऱ्यांपासून वेगळी ठेवली जात, आणि सैन्याची चूल मात्र त्यांच्या भरवशावर पेटायची. वेग रोखण्यासाठी इंजिनावर बसवलेला गव्हर्नर त्यातल्या अनेकांनी परस्पर निकामी केला होता. अडीच टनांची मर्यादा तिथे कुणी पाळली नाही हे सांगायला नकोच.

पूर्वेकडे हेच ट्रक आसामातल्या लेडोपासून चीनकडे काढलेल्या रस्त्यावर चढले. 12 जानेवारी 1945 ला तिथून निघालेला पहिला ताफा 4 फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. युद्ध संपलं आणि ही सगळी संपत्ती एका दिवसात अडगळ झाली. आपल्याकडे 'डिस्पोजलचा माल' म्हणून बाजारात आला तो याच अडगळीचा एक वाटा. फ्रान्सने मात्र आपल्या वाट्याचे जीएमसी पुन्हापुन्हा उघडून, जुळवून सैन्यात कित्येक दशकं वापरले. युरोपातल्या हौशी मालकांच्या दारातले बरेच ट्रक त्या फ्रेंच कर्मशाळांतूनच आले आहेत.

आता पस्तीस. मॉडेलच्या बाकीच्या प्रमाणांना काही ना काही तर्क आहे. 1/72 मध्ये सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. 1942 मध्ये शत्रूची विमानं ओळखायला शिकवण्यासाठी अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमानं मागवली, ती याच मापाची. 1/48 मध्ये फुटाला पाव इंच. पस्तिसाला असं काही गणित नाही. जपानमधल्या शिझुओकाची तमिया कंपनी मूळची लाकडाच्या वखारीची. तिने 1960 मध्ये यामातो युद्धनौकेचं पहिलं प्लास्टिक किट काढलं आणि स्पर्धकांच्या स्वस्ताईपुढे ते पडलं. मग मोटरवर चालणारा जर्मन पँथर रणगाडा काढायचं ठरलं. पोटात मोटर आणि दोन मध्यम आकाराचे सेल मावले पाहिजेत, एवढी एकच अट होती. रणगाडा तडाखेबंद खपला. त्याच्या शेजारी शोभतील असे इतर देशांचे रणगाडे काढायची वेळ आली, तेव्हा कंपनीच्या शुन्साकू तमियांनी पँथर मोजून पाहिला. तो निघाला मूळ मापाच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याचा. हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितलेला आहे. त्या काळी मॉडेलच्या कंपन्यांपैकी रेव्हेल 1/40 चालवत होती आणि एअरफिक्स 1/76; पण 1968 पासून तमियाने सैनिकांच्या मूर्तींसकट मालिकाच सुरू केली आणि बाकीचे कारखाने मागून आले. सेल गेले, मोटर गेली, पस्तीस राहिला.

या मापात आपला ट्रक सुमारे 19 सेंटिमीटरचा होतो. गमतीचा हिशेब वजनाचा आहे: लांबी पस्तीसपट घटली की वजन 42,875 पटींनी घटतं. रिकामा ट्रक साडेचार हजार किलोचा धरला, तर तंतोतंत मॉडेलचं वजन 105 ग्रॅम भरायला हवं.

लोखंडी ट्रकचा मालक आणि प्लास्टिकच्या ट्रकचा कारागीर यांची पोथी मात्र एकच: सैन्याची 1944 ची 'टीएम 9-801' ही पुस्तिका. वादही समाईक. ऑलिव्ह ड्रॅब रंगाची खरी छटा कुठली, यावर दोघे एकाच तावातावाने बोलतात. बॉनेटवरचा नोंदणी क्रमांक चारने सुरू व्हायला हवा, कारण अडीच टनी ट्रकांना तोच अंक दिला होता. रेडिओत खरखर होऊ नये म्हणून इंजिनाच्या विजेचा बंदोबस्त केलेला असेल, तर शेवटी 'एस' हवा.

या शुद्धतेच्या शर्यतीत मला तरी टेबलावरचा ट्रक पुढे दिसतो. त्याच्या पेटीतले सगळे भाग एका नमुन्याचे असतात. दारातल्या ट्रकची केबिन एका सालातली, हौदा दुसऱ्या आणि धुरा तिसऱ्याच गाडीच्या निघू शकतात. त्यातच रस्त्यावर काढायचा म्हणून मालक मागे इंडिकेटर बसवतो. आपल्याच ट्रकचं मॉडेल करायला बसलेल्या मालकाला ते इंडिकेटर पेटीत सापडत नाहीत. उरलेल्या प्लास्टिकचे तुकडे तासून ते त्याला स्वतःच घडवावे लागतात, अर्थात पस्तिसाव्या हिश्श्यात.