हॉकनी–फाल्को सिद्धांत

यूरोपीय चित्रकार पंधराव्या शतकापासून आरसे व भिंगे यांच्या साहाय्याने वस्तूंच्या प्रतिमा पाडून त्यांवरून रेखन करीत असावेत, असे प्रतिपादणारा कलेतिहासातील सिद्धांत. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी (जन्म १९३७) व अमेरिकन भौतिकीविज्ञ चार्ल्स फाल्को यांनी तो मांडला. १९९९ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत फ्रेंच चित्रकार अँग्र याची छोटी पेन्सिलचित्रे पाहताना त्यांतील निःशंक रेषांमुळे हॉकनींना कॅमेरा ल्यूसिडाच्या वापराचा संशय आला. विल्यम वुलस्टनने १८०६ मध्ये एकस्व घेतलेले हे लोलकयुक्त उपकरण त्यांनी स्वतः वापरून व्यक्तिचित्रे रेखाटली. उपकरण केवळ स्थाने दाखविते. हात चित्रकाराचाच लागतो. पुढे अनेक शतकांतील चित्रांच्या प्रती भिंतीवर कालानुक्रमे लावल्यावर, १४३० च्या सुमारास फ्लँडर्समध्ये वास्तवदर्शन एकाएकी वाढल्याचे त्यांना आढळले. भिंगाविना केवळ अंतर्गोल आरशानेही प्रतिमा पाडता येते, हे फाल्कोंनी लक्षात आणून दिले. लोरेंझो लोत्तोच्या एका चित्रातील गालिच्याच्या नक्षीचे यथादर्शन मध्येच बदलते. आरसा पुन्हा जुळविल्याची ती खूण, असे त्यांचे म्हणणे.

सीक्रेट नॉलेज (२००१) या ग्रंथात हॉकनींनी निष्कर्षांबरोबर तज्ञांशी झालेला पत्रव्यवहारही छापला. पडताळा कोणासही घेता यावा, ही या संशोधनाची खरी जमेची बाजू होय. डेव्हिड स्टॉर्कप्रभृतींनी तो घेतला. यान व्हान आयिकच्या आर्नोल्फीनी दांपत्याच्या चित्रातील (१४३४) झुंबराच्या शाखा परस्परांशी काटेकोरपणे जुळत नाहीत, असे त्यांना मापनात आढळले. अशा आरशावरून चित्रे काढल्याचा तत्कालीन लेखी पुरावाही मिळालेला नाही.