वेग आणि लगाम



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, तहनामे आणि बखरी उभ्या राहतात. आज मी आपल्यापुढे एक मोटारगाडी उभी करणार आहे. याचे कोणाला नवल वाटेल, कोणाला थोडा रागही येईल. परंतु माणसाने घडवलेल्या प्रत्येक यंत्रात त्या काळाची हौस, त्या काळाचा हिशेब आणि त्या काळाची चूक कोरलेली असते. वाचणारा मात्र हवा. मी जिच्याविषयी बोलणार आहे ती गाडी अमेरिकेतली, साठ वर्षांपूर्वीची. आज तिकडे अशा गाड्यांच्या पोटातले मूळ एंजिन काढून नवे घालण्याचा आणि चाकांतले जुने ब्रेक काढून नवे बसवण्याचा मोठा उद्योग चालला आहे. या कामाला तिकडे ‘रेस्टोमॉड’ असे जोडनाव पडले आहे. अर्धा जीर्णोद्धार, अर्धा फेरफार. हा जीर्णोद्धार मानायचा की इतिहासाची मोडतोड, हा आजचा प्रश्न आहे.

या उद्योगाचे मूळ वाटते त्याहून जुने आहे. १९३२ साली हेन्री फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीच्या गाडीत आठ सिलिंडरांचे एंजिन बसवले. तोवर असे एंजिन ही श्रीमंतांची चैन होती. गाडी धावू लागली. पण तिला थांबवण्याची व्यवस्था जुनीच राहिली. पायाखालच्या पट्टीपासून चाकापर्यंत लोखंडी सळया गेलेल्या, आणि त्या ओढल्या की ब्रेक लागायचे. क्रायस्लरने १९२४ सालीच तेलाच्या दाबावर चालणारे, चारही चाकांचे हायड्रॉलिक ब्रेक आपल्या गाडीत आणले होते. फोर्डचा विश्वास मात्र सळयांवर; त्याने हायड्रॉलिक ब्रेक स्वीकारले ते १९३९च्या गाड्यांत. मधल्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण पोरे कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट भुईवर जुन्या फोर्ड गाड्या पिटाळीत होती. या पोरांनी काय केले? १९३९ नंतरच्या भंगारातल्या गाड्यांचे ब्रेक काढले आणि १९३२च्या गाड्यांना बसवले. एंजिनाची ताकद वाढवण्याची हौस होतीच. पण थांबता आले पाहिजे, हे शहाणपणही त्यांच्यापाशी होते. हे शहाणपण कारखानदारांना पुढे पुन्हा एकदा विसरायचे होते.

आता आपण १९६४ सालाकडे येऊ. जनरल मोटर्स कंपनीने १९६३ साली आपल्या शाखांना शर्यतींपासून दूर राहण्याचा हुकूम दिला होता. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे एंजिन घालू नये, असाही कंपनीचा दंडक होता. पाँटिॲक ही तिची एक शाखा. तिथले मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी या दंडकातली फट अचूक हेरली. नवी गाडी काढायची तर वरिष्ठांची मंजुरी लागे. पण जुन्या गाडीवर गिऱ्हाइकाला एखादी ‘ऐच्छिक सोय’ द्यायची तर ती लागत नसे. तेव्हा त्यांनी टेंपेस्ट नावाची साधी मध्यम गाडी घेतली, तिच्यात मोठ्या गाडीचे ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे एंजिन बसवले, आणि कागदोपत्री ही एक ऐच्छिक सोय म्हणून दाखवली. किंमत सुमारे २९६ डॉलर. नाव ठेवले जीटीओ; तेही इटलीच्या फेरारीकडून उसने घेतलेले. कंपनीचा अंदाज पाच हजार गाड्यांचा होता. पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०. यशापुढे दंडक कोण आठवतो? इतर कारखाने धावत मागे आले, आणि दंडाची बेटकुळी दाखवीत फिरणाऱ्या या गाड्यांची एक जातच निर्माण झाली. तिलाच पुढे ‘मसल कार’ हे नाव मिळाले.

या पहिल्या जीटीओचे ब्रेक कसे होते? चारही चाकांना साडेनऊ इंचांचे ड्रम. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मागून घेण्याची सोय झाली ती १९६७ साली. म्हणजे तीन वर्षे एंजिन वाघाचे आणि पंजे मांजराचे, असा प्रकार होता.

येथे थोडे पदार्थविज्ञान सांगितले पाहिजे. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरच्या जागी १२० झाले, तर वेग दुप्पट होतो, पण ऊर्जा चौपट. गाडी थांबवायची म्हणजे ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरवायची. ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारे एक पातेले. त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात, आणि ते आतून बाहेर दाबले जाऊन पातेल्याला घासतात. या रचनेत एक गुण आहे. फिरते पातेले शूला आपल्याबरोबर ओढते आणि ब्रेक स्वतःच स्वतःला घट्ट करतो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. पण तापले की पातेले प्रसरण पावते आणि शूपासून दूर जाते. लायनरची पकड सुटू लागते. उष्णता आतल्या आत कोंडते. डोंगराच्या उतारावर वा लागोपाठ दोन-तीनदा जोराने ब्रेक दाबल्यावर पाय खोल जाऊ लागतो आणि गाडी पुढेच सरकते. डिस्क ब्रेकमध्ये फिरती तबकडी उघड्या हवेत असते, दोन बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात, आणि तापून ती फुगली तरी पॅडच्याच दिशेने फुगते.

हे ज्ञान त्या काळी नव्हते असे नाही. डिस्क ब्रेकचे एक पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच घेतले होते. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार गाडी जिंकली, त्यात तिच्या डिस्क ब्रेकचा मोठा वाटा होता. १९५५ साली फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने आपल्या डी. एस. गाडीच्या पुढच्या चाकांना ते बसवून बाजारात विकले. मग अमेरिकेत उशीर का? कारण ज्ञानाचे नव्हते, विक्रीचे होते. गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारी ते अश्वशक्तीचा आकडा. किती अंतरात थांबते, हे विचारणारा विरळा. जे विचारले जात नाही ते जाहिरातीत येत नाही, आणि जे जाहिरातीत येत नाही त्यावर कारखानदार पैसा घालीत नाही. १९६५ साली राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक निघाले, १९६६ साली अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. पहिल्या जीटीओत ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच होता. एक नळी फुटली की चारही चाके निकामी. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगळे मार्ग १९६७च्या अमेरिकी गाड्यांत सर्रास आले. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यासाठी सरकारला दंडुका उगारावा लागला.

पुढे या जातीचा शेवट लवकर झाला. विम्याचे हप्ते वाढले, १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा आला, १९७३च्या अखेरीस तेलाचे संकट कोसळले. गाड्या गोठ्यांत, शेडमध्ये, भंगारात पडल्या. आणि कालांतराने, ज्यांना तरुणपणी त्या घेता आल्या नव्हत्या, तेच हाती पैसा आल्यावर त्या शोधू लागले.

अशा जीटीओत आज बहुधा कोणते एंजिन जाते? जनरल मोटर्सनेच १९९७च्या कॉर्व्हेट गाडीबरोबर आणलेल्या एलएस घराण्यातले. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, म्हणून वजन कमी. इंधन आणि ठिणगी यांचा हिशेब संगणक ठेवतो, म्हणून थंडीत सुरू होते आणि पेट्रोल कमी पिते. तरीही कॅमशाफ्ट जुन्या पद्धतीने ब्लॉकमध्येच, म्हणून बांधा आटोपशीर. शेव्हरोलेच्या १९५५ सालच्या एंजिनात दोन सिलिंडरांच्या मध्यांतले अंतर ४.४ इंच होते. एलएसमध्येही ते तेवढेच आहे. नव्या पिढीत आजोबांचे नाक उतरावे तसे.

येथे एक आकडा लक्षात घ्यावा. १९६४च्या जीटीओत तीन कार्बोरेटर घेतले तर कंपनी ३४८ अश्वशक्ती सांगे. २००४ साली पाँटिॲकने जीटीओ हे नाव पुन्हा वापरले, तेव्हा त्यात एलएस-१ एंजिन होते आणि अश्वशक्ती ३५०. चाळीस वर्षांत दोनच घोडे वाढले काय? नव्हे. पूर्वी एंजिन उघडे बाकावर ठेवून, सायलेन्सर आणि इतर बोजा काढून मोजीत. १९७२पासून गाडीत बसते तसे, सारा बोजा लावून मोजू लागले. जुन्या आकड्यातले बरेच घोडे कागदावरच धावत होते. शिवाय नव्या गाडीला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. म्हणजे ज्या अदलाबदलीला आज कोणी भ्रष्टाकार म्हणतो, ती त्या कारखान्याने स्वतःच करून दाखवली होती. पुढे पाँटिॲक हे नावच २०१० साली बंद झाले.

नवे एंजिन घालणे म्हणजे चार बोल्ट सोडणे आणि चार आवळणे नव्हे. एंजिन बसवायला वेगळे माउंट लागतात; खालचे ऑइल पॅन चासीच्या आडव्या पट्टीला अडते, म्हणून तेही बदलावे लागते. कार्बोरेटरला पेट्रोल चौरस इंचावर पाच-सात पौंड दाबाने मिळाले तरी पुरे; नव्या एंजिनाला सुमारे ५८ पौंड लागतात, म्हणून टाकीत विजेचा पंप आणि नव्या नळ्या येतात. मग वायरिंग, रेडिएटर, गिअरबॉक्स. एक वीट काढली की शेजारच्या दोन हलतात.

ब्रेकचेही तसेच. डिस्कला ड्रमसारखी स्वतःला आवळून घेण्याची सवय नाही, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो. हा बूस्टर एंजिनाच्या निर्वातावर चालतो. कोणी हौसेने भलताच कॅमशाफ्ट घातला तर निर्वात कमी पडतो, आणि ऐन वेळी ब्रेकची पट्टी दगडासारखी कठीण लागते. गाडी थांबताना भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात. तिथे दाब मापात राखणारा व्हॉल्व्ह नसेल तर ती जाम होऊन गाडी भोवऱ्यासारखी फिरते. मोठी तबकडी १४ इंचांच्या जुन्या चाकात मावत नाही, म्हणून चाकेही बदलतात. ज्या मिस्त्रीला हा सारा हिशेब कळतो त्यालाच या कामाला हात लावण्याचा अधिकार आहे. बाकीचे एंजिन बदलतात, ब्रेक पुढच्या वर्षी पाहू म्हणतात, आणि १९६४ची चूक नव्या पैशाने विकत घेतात. ही चूक भोगतो मात्र रस्त्याने चाललेला तिसराच कोणीतरी.

आता मूळ प्रश्न. शुद्धतावादी म्हणतात, गाडी हा दस्तऐवज आहे; त्यात खाडाखोड नको. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून नोंद देताना अट घातली, ती हीच: तिचे मूळ रूप राखलेले असावे, चासी, सांगाडा किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ज्या जीटीओत तिचे जन्मजात एंजिन त्याच क्रमांकासह शाबूत आहे, तिला हात लावू नये. ती बखर आहे; बखरीची भाषा आपण सुधारीत नाही. तिने हळू चालावे, उतार टाळावा, आणि तिच्या दुबळ्या ब्रेकांसकट तिने आपल्याला तो काळ सांगावा.

पण जिचे एंजिन केव्हाच भंगारात गेले, जिच्या पत्र्याला गंज चढला, ती गाडी दस्तऐवज उरलेली नसते. तो कोरा होत चाललेला कागद असतो. तिला नवे काळीज देऊन रस्त्यावर आणण्यात मला पाप दिसत नाही. माझ्या अटी तीनच. आधी ब्रेक, मग एंजिन. चासी शक्यतो कापू नये. आणि जे मूळ भाग निघतील ते चिठ्ठी लावून जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या पिढीला वाटले तर ती आपला निर्णय फिरवू शकेल. जीर्णोद्धार करणाऱ्याने आपण शेवटचे नव्हे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ झाले.

एंजिनाची ताकद आपण अजून घोड्यांत मोजतो. घोडा घेताना जाणता माणूस त्याची चाल पाही, आणि तोंडात लगाम नीट बसतो की नाही हेही पाही. १९६४ साली साडेतीनशे घोडे विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी लगामाकडे नीट पाहिले नाही. ती राहिलेली बाब आज कुठल्याशा गॅरेजमध्ये एखादा मिस्त्री जमिनीवर उताणा पडून पुरी करीत असेल, तर त्याला इतिहासाचा शत्रू म्हणू नये, एवढीच माझी विनंती आहे.