मुंबई, तालुका वसई

मध्यमवर्गीय घरात परदेशप्रवास दोन प्रकारे होतो. एक, मुलगा तिकडे नोकरीला असला म्हणजे. आणि दोन, कागदावर. "या वर्षी दोन दिवस एखादं जुनं पोर्तुगीज शहर पाहून येऊ," असं सौभाग्यवतींनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या मनात लिस्बन होतं. मी बी.कॉम. असल्यामुळे लगेच कागदावर उभी रेघ ओढून जमा आणि खर्च असे दोन रकाने पाडले. पान संपलं तरी खर्च संपेना, आणि जमेच्या बाजूला माझा पगार एकटाच उभा. हा 'पगार' शब्दही पोर्तुगीजांनीच दिलेला. शब्द देऊन ते गेले. रक्कम बँकेवर सोपवली.

तेव्हा मी सुचवलं, की दादरहून विरार लोकलने तासाभराच्या अंतरावर एक पोर्तुगीज शहर आहे. त्याचं नाव वसई.

वाचकांनी नाक मुरडण्याआधी जुना हिशेब पाहावा. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. मागे हुमायून लागला होता. अशा वेळी माणूस पुढे येईल त्या कागदावर सही करतो. त्या यादीत मुंबईची बेटंही होती. भाजीवाल्याने पिशवीत वरून कोथिंबीर टाकावी, तशी. वसई पुढे पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी झाली. तटाच्या आत चर्चं, मठ आणि हवेल्या उठल्या. आणि मुंबई? वसईच्या दप्तरातलं एक भाड्याचं खातं! गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याकडे मुंबईचं बेट पट्ट्याने होतं. या वैद्यबुवांनी १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. घरमालकी सांभाळून ग्रंथ लिहिणारा मुंबईकर नंतर फारसा झाला नाही.

१६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि मुंबई हुंड्यात गेली. ताबा द्यायला पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी १६६५ पर्यंत खळखळ केली. जावयालाही हुंड्याचं अप्रूप नव्हतं. त्याने १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. गिरगावातल्या जुन्या चाळींची भाडी ऐकली, की ही परंपरा कुठून आली ते कळतं.

पोर्तुगीज गेले, पण दादरला बसच्या कंडक्टरने 'पोर्तुगीज चर्च' अशी हाळी दिली, की आजही निम्मी गाडी उतरते. त्या चर्चची स्थापना १५९६ सालची. आजची इमारत चार्ल्स कोरियांची, १९७७ ची. जवळच्या गाडीवर वडापाव घ्या. बटाटा, मिरची आणि पाव, तिन्ही पोर्तुगीजांबरोबर आलेले. घरी जाऊन चावीने दार उघडा, साबणाने हात धुवा, शब्द त्यांचेच. इतका पोर्तुगाल पोटात असताना आणखी तिकीट कशाला काढायचं?

माझा बेत असा. पावसाळा संपल्यावर सकाळची लोकल पकडायची. गर्दी त्या वेळी मुंबईकडे येत असते, त्यामुळे आपल्याला खिडकी मिळते. वसई रोडहून बस किंवा रिक्षाने किल्ला. पाणी आणि डबा बरोबर. फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या भिंतींत जमिनीवरच्या थडग्यांवर अजून पोर्तुगीज अक्षरं आहेत. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर गेला आणि १८६२ साली संत ठरला. दुसऱ्या दिवशी वज्रेश्वरी. वसई मिळावी म्हणून चिमाजीआप्पांनी तिथल्या देवीला नवस केला होता, असं सांगतात.

आता आला १७३९ चा मे महिना. इथे माझी पंचाईत झाली. आमच्या बँकेत शेजारच्या काउंटरवर एक वसईकर ख्रिस्ती गृहस्थ आहेत. वाटाड्या म्हणून त्यांनाच न्यायचं होतं. पण "आम्ही तुमची वसई जिंकली, ती जागा दाखवा" हे म्हणायचं कसं? पोर्तुगीज अंमलात धर्मावरून लोकांचा छळ झाला होता. अंजूरच्या नाईकांनी पेशव्यांकडे धाव घेतली ती उगाच नव्हे. तरी मी शब्द चाचपत विषय काढला.

ते नोटा मोजता मोजता म्हणाले, "अहो, 'आम्ही-तुम्ही' कसलं? फिरंगी सामान बांधून जहाजात बसले. आमचे वाडवडील इथेच केळीला पाणी घालत होते. तेव्हाही, नंतरही. प्रार्थना आम्ही मराठीतच म्हणतो."

मी गप्प. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं आणि लक्षात येणं, ही दोन वेगळी खाती आहेत. वसईच्या काही घंटा मराठ्यांनी नेल्या. एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात वाजते, एक भीमाशंकरला. घंटांनी देव बदलला आणि आवाज तोच ठेवला. माणसांनी देव ठेवला आणि भाषाही सोडली नाही.

तटाचं मात्र तसं नाही. वसई पडल्यावर मुंबईचे इंग्रज घाबरले आणि व्यापाऱ्यांकडून वर्गणी काढून कोटाभोवती खंदक खणू लागले. मुंबईत वर्गणीची पावती तेव्हापासून फाटते आहे. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. जिंकल्याला पुरती ६४ वर्षंही झाली नव्हती. राजधानी ओस पडली आणि कोथिंबीर महाग झाली.

म्हणून मला वाटतं, किल्ला पाहताना दगडांपेक्षा वाटाड्याकडे लक्ष द्यावं. त्यांनी यायचं कबूल केलं आहे. अट एकच, रविवारची प्रार्थना आटोपल्यावर. एरवी रोज सकाळी ते विरार लोकलला लोंबकळत येतात. राजधानीतून उपनगरात, नोकरीला.