१ जून, ६ जानेवारी आणि कंट्रोल पॅनेल

स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून निरोप आला की शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू तुझ्या धंद्यातले काहीतरी लिही. माझा धंदा कॉम्प्युटरचा. १९९१ साली दहावी करून गाव सोडले, काही वर्षे शिरूरला डीटीपीच्या दुकानात काढली आणि पुढे पारनेर-शिरूर पट्ट्यात कॉम्प्युटर बसवून देण्याचे, दुरुस्तीचे काम केले. त्या कामात ज्या एका गोष्टीवर माझा सर्वांत जास्त वेळ गेला, तिचा थोडा इतिहास सांगतो. ती गोष्ट म्हणजे नव्या कॉम्प्युटरची सेटिंग्ज बदलून त्याला आपल्या गावात राहण्यालायक करणे. ऐकायला किरकोळ वाटेल. पण आपल्यातल्या कित्येकांचे दाखले, अर्ज आणि जन्मतारखा या सेटिंग्जमधून गेलेल्या आहेत.

आपल्या पिढीने शाळेत पाहिलेले यंत्र म्हणजे फार तर ऑफिसातला मराठी टाइपरायटर. त्यावर जे उमटले ते कागदावर कायमचे. कॉम्प्युटरचे तसे नाही. त्याला आत फक्त आकडे कळतात. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे हे आधी ठरवावे लागते. इंग्रजीचे ते अमेरिकेत १९६० च्या दशकातच ठरले. आपल्या भाषांचे काम १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला सुरू झाले. त्यातून जिस्ट नावाचे तंत्र निघाले आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर हे काम पुण्यात आले. जिस्टचे एक कार्ड मिळे. ते कॉम्प्युटरच्या पेटीत बसवले की डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्येही मराठी लिहिता येई. अक्षरांच्या आकड्यांचे भारतीय मानक १९९१ मध्ये पक्के झाले. त्याला इस्की म्हणत. कळफलकाचेही मानक आले, इनस्क्रिप्ट. म्हणजे पाया चांगला पडला होता, आणि तोही आपल्यापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, पुण्यात.

मग घोडे कुठे अडले? विंडोज आले आणि बाजाराने जवळची वाट धरली. डीटीपीवाल्यांना हवी होती सुंदर लग्नपत्रिका आणि लवकर. त्यासाठी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले फॉन्ट निघाले. कॉम्प्युटरला वाटे आपण इंग्रजीच लिहितो आहोत, फक्त दिसायला मराठी दिसे. पुन्हा प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या क्रमाने बसवले. श्रीलिपीचा क्रम वेगळा, आकृतीचा वेगळा, सी-डॅकच्या योगेशचा वेगळा. महागड्या सॉफ्टवेअरला कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावायचे एक छोटे कुलूप येई. ते काढून नेले की मराठी बंद. मी काम करायचो त्या दुकानात मालक रात्री जाताना ते कुलूप खिशात घालून नेत. आम्ही पोरं म्हणायचो, मालकांनी मराठी घरी नेली.

या फॉन्टांवर महाराष्ट्राची छपाई दहा-पंधरा वर्षे चालली, हे उपकार मान्य केले पाहिजेत. पण छापण्यापुरतेच. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की पडद्यावर स्वल्पविराम, डॉलर, टोप्या घातलेली रोमन अक्षरे असा कचरा दिसे. आपल्या गावाच्या बाबतीत हे जास्त जाणवले, कारण आपल्या गावात अर्ज फार. महाराष्ट्राचा माहितीचा अधिकार २००२ चा, देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला, आणि राळेगणसिद्धीत तर त्यासाठीच्या आंदोलनामुळे बाहेरगावचे लोकही अर्ज कसा लिहावा हे विचारत येत. कायदा सांगतो की अर्ज राज्याच्या राजभाषेत चालतो. अर्ज मराठीत, उत्तर मराठीत, सगळे कागदावर ठीक. पण एकदा एका कार्यालयातून मागितलेली माहिती सीडीवर मिळाली. कायद्याने तशी मागता येते, अर्जदाराने पैसे भरून मागितली होती. ती उघडली तर शंभरावर पाने कचरा. माहिती दिली होती, कोणी नाही म्हणू शकत नव्हते. फक्त वाचता येत नव्हती. अर्जदार वयस्क गृहस्थ. मला म्हणाले, "बापू, याच्यापरीस नकार दिला असता तर अपील तरी केलं असतं." फॉन्ट कोणता ते ओळखून, तो मिळवून सीडी वाचता येईपर्यंत आठवडा गेला.

यावरचा उपाय तोवर जगात निघालेला होता, तो म्हणजे युनिकोड. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा पट्टा मिळाला. त्याची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतलेली. ही माहिती मी मुद्दाम सांगतो, कारण युनिकोड म्हणजे परदेशातून आलेले काहीतरी असा अनेकांचा समज आहे. विंडोज २००० मध्ये पहिल्यांदा देवनागरी आतूनच आली, सोबत मंगल नावाचा फॉन्ट. तो घडवणारे र. कृ. जोशी, म्हणजे आपले सुलेखनकार आणि कवी. तरीही त्यातला ल आणि श हिंदी वळणाचा होता, आणि शुद्धलेखनात काटेकोर असलेले आपले गुरुजन त्या पडद्याकडे पाहून नाक मुरडत, ते योग्यच होते.

आता सेटिंग्जकडे येतो. २००२ नंतर एमएस-सीआयटी सुरू झाले, गावोगाव सेंटर निघाली, आणि जो तो विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर घेऊ लागला. एक्सपीत मराठी होती, पण झोपलेली. ती उठवायला कंट्रोल पॅनेलमध्ये जायचे, प्रादेशिक आणि भाषेच्या पर्यायांत शिरायचे, भाषेच्या पानावर एक छोटा चौकोन असे तिथे टिक करायची. चौकोनापुढे लिहिलेले असे की किचकट लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषा यांच्या फाइल्स बसवा. अरबी, हिब्रू, थाई यांच्या रांगेत आपण. दहा एमबी जागा लागेल असा इशारा येई. त्यानंतर कॉम्प्युटर विंडोजची सीडी मागे, आणि नेमकी ती कोणाकडेच नसे, कारण विक्रेत्याने दिलेलीच नसे. म्हणून माझ्या पिशवीत पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि ती सीडी या तीन वस्तू कायम असत. भारनियमनाच्या दिवसांत फाइल्स बसत असतानाच वीज जाई, की पुन्हा पहिल्यापासून.

टिक करण्याआधी आणि नंतर काय फरक पडतो ते दाखवायला मी नेहमी गावाचेच नाव टाइप करायचो. टिक नसताना राळेगणसिद्धी लिहिले तर सि ची वेलांटी स च्या मागे जाऊन पडे आणि द्ध फुटून मधे पाय मोडलेला द उभा राही. टिक करून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला की तेच नाव नीट जुळून येई. त्यात काही नवे लिहिलेले नसे. आतले आकडे तेच, फक्त ते जोडायचे कसे हे कॉम्प्युटरला आता समजलेले. लोकांना हे पाहायला फार आवडे. एकदा एका दूध संस्थेच्या ऑफिसात पाच-सहा जणांनी आपापल्या गावांची नावे लिहून घेतली. पारनेर चटकन आले, वाडेगव्हाणही आले.

पुढची पायरी कळफलकाची. तिथेच मराठीचा कळफलक जोडायचा, मग डाव्या बाजूचे आल्ट आणि शिफ्ट दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बरीचशी व्यंजने उजव्या हाताला. एन च्या कळेवर ल, शिफ्टसह ळ. जे वर र, शिफ्टसह ऱ. टायपिंगची परीक्षा पास झालेल्या जुन्या लोकांना हे जड गेले, कारण टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. इथे बोलतो त्या क्रमाने, आधी स मग वेलांटी. तीस-तीस वर्षांच्या सवयीची बोटे. त्यांनी कुरकुर केली, यात त्यांची काही चूक नव्हती.

शिफ्टसह जे या कळीवर मी हटून बसायचो. ती न वापरता कोणी शेतकऱ्यांना हा शब्द लिहिला तर तो शेतकर्यांना असा उमटतो. आपल्या भागात ज्या शब्दाने दर दुसरा अर्ज सुरू होतो तोच चुकीचा! मराठीची ही गरज हिंदीला नाही, म्हणून ती कळ कुठे आहे हे बाहेरचा माणूस सांगत नाही. ॲ चे तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थानच नव्हते. ते २००८ च्या आवृत्तीत आले. तोवर ॲडमिशन लिहायला अ वर चंद्र चिकटवावा लागे, आणि तो प्रत्येक ठिकाणी नीट बसेच असे नाही.

भाषा झाली तरी काम संपत नसे. कोरा एक्सपी बसवला की तो स्वतःला अमेरिकेत समजे. घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे, ते चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली या ओळीवर आणायचे. आकड्यांचे स्वल्पविराम मिलियनचे, ते लाख-कोटीचे करायचे. आणि तारीख. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. हीच सेटिंग सर्वांत घातक, आणि आपल्यासाठी तर दुप्पट, कारण आपली सगळ्यांची जन्मतारीख १ जून!

हसू नका, शाळेचे जनरल रजिस्टर काढून पाहा. आईबापाला तारीख आठवत नसे, "बाजारच्या दिवशी, पाऊस लागला तेव्हा" एवढेच सांगता येई. शाळा जूनमध्ये सुरू, वय भरले पाहिजे, म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आपल्या पिढीत निम्मा वर्ग एकाच दिवशी जन्मला. आता अमेरिकी सेटिंगच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये ०१/०६/१९८० असे टाइप केले तर तो ६ जानेवारी समजतो. पडद्यावर मात्र १/६ च दिसते, म्हणून कोणाला संशय येत नाही. १५/०६ असे लिहिले तर पंधरावा महिना नसल्यामुळे तो त्याला तारीखच मानत नाही, नुसता मजकूर म्हणून डावीकडे सरकवून ठेवतो. त्यामुळे ती चूक निदान डोळ्यांना दिसते. १ जूनवाले मात्र गुपचूप जानेवारीत जातात. तीच फाइल बरोबर सेटिंग असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की ०६-०१ उमटते आणि मग ते कोणाला खोटे वाटत नाही.

आपल्या मागच्या बॅचमधल्या एकाच्या बाबतीत हे २००५ मध्ये घडले. त्याचे नाव लिहीत नाही, तो मेळाव्याला येणार आहे. एका भरतीसाठी १ एप्रिलला वय २५ च्या आत हवे होते. १ जून १९८० प्रमाणे तो चोवीस वर्षे दहा महिन्यांचा, बसत होता. ६ जानेवारीप्रमाणे पंचवीस पूर्ण होऊन तीन महिने झालेले. यादीत नावापुढे अपात्र. अर्जात तारीख बरोबर, दाखल्यात बरोबर, यादीत चूक. तो मला म्हणाला, "भाऊ, माझी जन्मतारीख कोणी बदलली?" आम्ही मूळ शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेलो. मी तिथल्या लिपिकाला विनंती करून यादी वयानुसार लावून पाहायला सांगितले. ६ जानेवारीला जन्मलेल्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा एकाखाली एक उभा राहिला. लिपिक भला माणूस, तो स्वतः १ जूनचा. त्याने वर कागद पाठवला, दोन खेपा झाल्या, आणि नाव पात्र यादीत आले. त्या दिवसापासून मी कोणाकडेही कॉम्प्युटर बसवला की प्रथम तारखेची सेटिंग करायचो, भाषेची नंतर.

व्हिस्टापासून तो भाषेचा चौकोन गेला, मराठी आपोआप येऊ लागली. एक्सपीची कंपनीकडून देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबली. आता तर मोबाइलवर बोलले की मराठी उमटते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेतील ल आणि श चे वळण ठरवून दिले, आणि आज त्या वळणाचे फॉन्ट फुकट मिळतात. तारखेचे दुखणे मात्र अजून आहे. नवा लॅपटॉप घेतलेल्यांनी घरी गेल्यावर उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर बोट ठेवून पाहावे.

उरतो प्रश्न मधल्या काळातल्या फाइल्सचा. १९९५ ते २००८ या दरम्यान आपल्या परिसरात जे जे टाइप झाले, म्हणजे अहवाल, निरोप समारंभाची भाषणे, ठरावांच्या नकला, ते बहुतेक जुन्या फॉन्टमध्ये आहे. फॉन्टचे नाव माहीत असेल तर ते युनिकोडमध्ये बदलता येते. नाव माहीत नसेल तर वेळ लागतो, पण बहुधा जमते. फ्लॉपी मात्र दर वर्षी खराब होत चालल्या आहेत. ज्यांच्याकडे अशा फ्लॉपी किंवा सीडी असतील त्यांनी मेळाव्याला येताना आणाव्यात, आणि त्या काळी काम कोणत्या दुकानात करून घेतले होते ते आठवत असेल तर वेष्टनावर लिहून ठेवावे. दुकान कळले की फॉन्ट कळतो. मी जुना ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर घेऊन येणार आहे.