भाड्याचे घर आणि जमिनीचा हक्क : निवासी गुंतवणुकीचा ऐतिहासिक विचार
(विशेष संदर्भ : जामसर, ता. जव्हार, जि. पालघर)

प्रस्तावना :
घर बांधून ते भाड्याने देणे हा मध्यमवर्गीयांना सुरक्षित वाटणारा गुंतवणुकीचा मार्ग आहे. मात्र भाड्याच्या घराचे उत्पन्न केवळ विटा-सिमेंटवर अवलंबून नसते. जमिनीचा हक्क, दुरुस्तीची जबाबदारी आणि भाडेकरूशी असलेले कायदेशीर नाते या तीन बाबींवर ते उभे असते. महाराष्ट्रातील भाडे-कायद्यांच्या इतिहासाच्या आधारे या तीन बाबींचा आणि जामसरसारख्या अनुसूचित क्षेत्रातील गावात त्यांना येणाऱ्या वेगळ्या अर्थाचा वेध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

मुंबईचा अनुभव :
१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला. १९२० नंतर विकास विभागाने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे कामगारांसाठी चाळी उभारल्या. तरीही कामगारांच्या निवाऱ्याचा मोठा भार खाजगी चाळमालकांनीच उचलला. त्या काळी चाळ बांधणे ही खात्रीची गुंतवणूक समजली जात असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी वाढू लागल्याने १९१८ मध्ये भाडे-निर्बंधाचा कायदा झाला. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच सर्वसाधारणपणे 'प्रमाण भाडे' ठरविले. मूळचा हा तात्पुरता कायदा वेळोवेळी मुदतवाढ मिळून अर्धशतकाहून अधिक काळ टिकला.

या संरक्षणामुळे लाखो कुटुंबांना शहरात स्थिर निवारा मिळाला, हे नाकारता येणार नाही. परंतु भाडे गोठले आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला, तेव्हा मालकाने इमारतीकडे पाठ फिरविली. इमारती कोसळू लागल्यावर शासनाला १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसविण्यात आला. कायद्याबाहेर पागडीचा व्यवहार रूढ झाला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर ताब्यात असलेल्या व्यक्तींना मानीव भाडेकरूचा दर्जा मिळाल्यावर तर घर कुलूपबंद ठेवणे अनेक मालकांना अधिक सुरक्षित वाटू लागले. भारताच्या नागरी भागात भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. या घसरणीला अन्य कारणेही आहेत. तथापि मालकाचा अविश्वास हे त्यांपैकी एक होय.

१९९९ चा कायदा :
१९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरल्याचे मत दिले. त्यानंतर झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने भाड्यात दरसाल चार टक्के वाढीस मुभा दिली. कलम ५५ अन्वये करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीचा थोडा खर्च वाचविणारा मालक यामुळे मोठा धोका पत्करतो.

जामसरचा संदर्भ :
मुंबईत प्रश्न भाडेकरूच्या हक्काचा होता. जव्हार-मोखाड्यात त्याआधीचा प्रश्न जमिनीचा आहे. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. विलीनीकरणानंतर ते ठाणे जिल्ह्यात आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये १९७४ साली समाविष्ट झालेल्या कलम ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, देणगी, अदलाबदल, गहाण वा भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने पूर्वमंजुरीवाचून जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यास वा गहाणास जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. अन्य हस्तांतरणास शासनाची पूर्वमान्यताही आवश्यक असते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत करण्याचा स्वतंत्र कायदाही झाला. त्यामुळे स्वस्त जमीन पाहून नातेवाइकाच्या वा ओळखीच्याच्या नावे केलेला व्यवहार ही गुंतवणूक नव्हे. त्यात पैसा व प्रतिष्ठा दोन्ही धोक्यात येतात. मूळ मालकाचे नुकसान त्याहून मोठे असते, कारण त्याची जीविकाच जाते.

हाच निर्बंध गावातील खातेदाराच्या दृष्टीने संधी ठरू शकतो. बदलीवर येणारे शिक्षक, आरोग्य कर्मचारी व वनकर्मचारी यांना निवारा हवा असतो. जमीन न विकता तिच्यावर रीतसर परवानगीने दोन खोल्या बांधल्यास उत्पन्न गावातच राहते. मात्र हिशेब नीट मांडावा लागेल. उदाहरणादाखल, दहा लाख रुपये खर्चून बांधलेल्या घरास दरमहा ३,००० रुपये भाडे धरल्यास वर्षाला ३६,००० रुपये होतात. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले आणि कर व पावसाळी दुरुस्तीस ६,००० रुपये लागले, तर हाती २७,००० रुपये, म्हणजे २.७ टक्केच, उरतात. अशा उत्पन्नासाठी कर्ज काढणे हिताचे नाही. घरबचतीतून, टप्प्याटप्प्याने व बेताच्या खर्चात बांधलेले घरच येथे परवडू शकते.

निष्कर्ष :
भाडे-कायद्यांचा इतिहास असे दर्शवितो की, मालक व भाडेकरू यांपैकी एकाच्या तोट्यावर दुसऱ्याचे हित फार काळ टिकत नाही. गोठलेल्या भाड्याची किंमत अखेरीस मोडकळीस आलेल्या इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूनेही मोजली. म्हणून जागेचा सातबारा व फेरफार, दुरुस्तीची तरतूद आणि नोंदणीकृत करार या तीन गोष्टी भाड्याच्या आकड्याआधी पाहिल्या पाहिजेत. त्यातही जामसरमध्ये पहिला प्रश्न 'भाडे किती मिळेल' हा नसून 'जमीन कोणाची आहे आणि ती कोणाची राहील' हा आहे.